गुंड्याला गुरगुरू द्या

३ मार्च
शिंपीकाकांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि शेवटी काय म्हणावं? "पण तुझ्या बाबांची ती हिसका दिला की गळा आवळणारी साखळी मिळेल का?" तासभर घसा कोरडा केला तो पाण्यात!

त्यांचा कुत्रा गुंड्या दोन वर्षांच्या नातीवर गुरगुरतो. ती त्याचा कान धरून लोंबकळते, मग काय करेल तो? म्हटलं, काका, गुरगुरतोय हे बरंय, 'नको' म्हणतोय बिचारा. पोरीला लांब ठेवा, शांत राहिला की बिस्किटाचा तुकडा द्या, थोडा दम धरा. सून आतूनच म्हणाली, "पंधरा दिवस. नाहीतर कुत्रा घराबाहेर."

४ मार्च
बाबांनी साखळी देऊन टाकली. मला न विचारता. वर तेलपाणी करून. दिवसभर बोलले नाही त्यांच्याशी.

६ मार्च
राग आहेच, पण आज सारखी भिंगरी आठवतेय. आमचं मागचं अंगण, बाबांची शिट्टी, चामडी पट्ट्यांचा वास. शिकायला आलेली कुत्री ओळीत बसायची आणि आमची भिंगरी मध्येच स्वतःभोवती गरगर फिरायची. मी शाळेतून आले की चप्पल आणून द्यायची — नेहमी दुसऱ्याच कुणाची. किती हसायचो आम्ही!

बाबांचं नाव होतं. "यांच्या हाताखालचं कुत्रं गुरगुरत नाही." खरंच नाही गुरगुरायचं. एक हिसका की चूप. मीही मैत्रिणींत मिरवायचे.

मी नऊ वर्षांची. भिंगरी जेवत होती, मी गाणं म्हणत तिच्या गळ्यात पडले. चावली दंडाला. सगळे म्हणाले, न सांगता चावली, बेइमान निघाली. दुसऱ्या दिवशी ती घरात नव्हती. कुठे नेली, कुणी सांगितलं नाही. मी पट्टी बांधलेला हात घेऊन फाटकात बसून राहिले.

मोठेपणी मीही कुत्री शिकवायचं हे काम शिकल्यावर उमगलं — तिची वाचाच आम्ही काढून घेतली होती. बाबांना तोंडावर कधी म्हटलं नाही.

७ मार्च
आज म्हटलं. जेवताना. "बाबा, गुरगुरणं मोडलं की कुत्रा न सांगता चावतो. भिंगरीचं तेच झालं."

ते ताटावरून उठले. हात धुतले, खोलीत गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ मार्च
माझ्या वर्गाला तीनच कुत्री. शिंपीकाका नाहीत.

११ मार्च
शिंपीकाका आले, गुंड्याला घेऊन! साधा पट्टा, खिशात बिस्किटं. म्हणाले, "काल तुझे बाबा दुकानात येऊन साखळी परत घेऊन गेले. गिऱ्हाइकांदेखत सांगितलं — आमची कुत्री पोरीला चावली ना, त्याआधी गुरगुरली होती. दोनदा. मीच खिडकीतून दटावून गप्प केली."

म्हणजे भिंगरीने मला सांगितलं होतं.