मधलं सोडून

२४ ऑगस्ट, रविवार
हिंगणीला प्री-वेडिंग. जोडपं बरं होतं, पोरगी हसरी. धरणाच्या भिंतीवर नवी लेन्स लावली. नवी म्हणजे नागपूरच्या एकाने वापरून कंटाळून विकलेली. हिच्यात मधोमध एक ठिपका चोख येतो, बाकी सगळं गरगरत पाघळतं. लेन्सची मान वाकवली की ठिपका कडेला सरकतो. मोटर नाही, काही नाही, सगळं हाताने. पडद्यावर फोटो पाहून माझ्याच अंगावर काटा आला. नवरदेव म्हणाला, "मॅडम, हालला ना हा. दुसरा काढा." काढला. साध्या लेन्सने.
आठ दिवस झाले घेऊन. उपयोग शून्य.

२७ ऑगस्ट, बुधवार
केळझरचं गणपतीचं देऊळ. चतुर्थीची गर्दी. घंटेवर ठिपका धरला, माणसं भोवती गरगरली. सुंदर. पण घरी येऊन पाहिलं तर नुसती करामत. बघा, मला काय येतं, एवढंच सांगणारा फोटो.
नागपूरच्या प्रदर्शनाला सहा फोटो द्यायचेत, १० ऑक्टोबरपर्यंत. लग्नाचे चालणार नाहीत, स्वच्छ लिहिलंय. बारा वर्षं लोकांच्या हळदी काढल्या आणि स्वतःचे म्हणावेत असे सहा निघेनात.

३१ ऑगस्ट, रविवार
पीठगिरणीचा पट्टा. कांद्याचा काप. नालवाडीच्या चौकातलं डबकं, त्यात उलटी एस.टी. पुन्हा कांदा. आई म्हणाली, "त्याले चिरू देशीन का आता?" दिवसभर एका जागी बसवत नाही. चहा ओतते, तो निवतो, पुन्हा गरम करते.
संध्याकाळी शेजारच्या निर्मलाकाकू फाटकातूनच बोलल्या. आत आल्या नाहीत. "तुह्या मायले काय झालं व शितल? चौकात हात केला मी, सरळ निंगून गेली. लेकीचा स्टुडिओ मोठा झाला तं मायचीबी मान ताठ झाली का?"
तीस वर्षांची मैत्री यांची. आईला विचारलं. "दिसली नसन मले," म्हणाली आणि भाजी निवडत राहिली. मला काकूंचाच राग आला.

३ सप्टेंबर, बुधवार
लेन्स घेऊन विहारात गेले. वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू आहे, आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी. चौदा वर्षं वाचन आईकडेच. तिच्या आईला सही येत नव्हती. त्या घरातून येऊन ही समोर पाट मांडून, ग्रंथ उघडून बसते आणि चाळीस बाया ऐकतात. अंगणवाडीतून रिटायर झाली, बाबा गेले, पण हे सोडलं नाही.
पाचेक मिनिटं झाली असतील. काकू मागून म्हणाल्या, "शशीबाई, हे तं कालच झालं."
आईचं बोट पानावर थांबलं. मग म्हणाली, "दोन येळा आयकलं तं काय बिघडते?" बाया हसल्या. तीही हसली. मी फोटो काढत होते, ठिपका तिच्या बोटावर धरून.

४ सप्टेंबर, गुरुवार
सकाळी कालचे फोटो मोठे करून पाहिले. बोट चोख आलंय, नखाच्या चिरेसकट. बोटाखाली एक अक्षर नाही. प्रकरण संपल्यावर उरलेली कोरी जागा. ती त्या कोऱ्या कागदावरून बोट फिरवत होती आणि तोंडाने घडाघडा...
पाठ आहे तिला. सगळा ग्रंथ.
विचारायचं कसं?

६ सप्टेंबर, शनिवार
विचारलं नाही. भ्याले. नुसते फोटो छापून तिच्या पुढ्यात ठेवले, कसे वाटतात सांग म्हणून. तिने मान तिरपी केली, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. बराच वेळ.
"हे उलटं आहे," म्हणाली.
"काय उलटं?"
"तुह्या फोटोत मधातलं दिसते, कडंचं नाई. मले कडंचं दिसते. मधात काईच नाई."
इतकं साधं बोलली. कुकरची शिट्टी झाली तर उठून गॅस बंद करून आली. उन्हाळ्यापासून असं आहे. उजवा डोळा तर त्याहून आधीपासून. मी याच घरात राहते, माझा धंदाच बघायचा आणि मला दिसलं नाही. स्वतःच्या कानफटात मारावीशी वाटली.

९ सप्टेंबर, मंगळवार
डोळ्यांचे डॉक्टर. उजव्याचं गेलेलं परत येणार नाही. डाव्यात पडद्याखाली पाझर सुरू झालाय. डोळ्यात इंजेक्शनं घेतली तर आहे ते टिकेल, कदाचित थोडं सुधारेल. कदाचित. पहिलं आजच दिलं. माझा हात धरून बसली होती, सोडल्यावर बोटांचे वळ दिसत होते. दुसरं महिन्याने, ९ ऑक्टोबरला.
परत येताना ऑटोत: "कोणाले सांगायचं नाई."
"काऊन?"
"सांगितलं तं ग्रंथ काढून घेतीन हातातून. बिचारी म्हणून. मंग मी कायले जाऊ तिथं?"
मी कबूल केलं. करायला नको होतं बहुतेक.

१४ सप्टेंबर, रविवार
आजचा दिवस लिहूनच ठेवायला हवा.
आई अंगणात खाटेवर, मी कॅमेरा घेऊन समोर. म्हटलं, तुला दिसतं तसं काढते, तू सांग. लेन्सची मान पूर्ण वाकवली. ठिपका कोपऱ्यात गेला, मधलं पाघळलं. ती डाव्या डोळ्यावर हात धरून उजव्याने मला बघायची, मग तिरप्या डाव्याने पडदा.
"जवळ आली. पण मधात असं पातळ नाई. धुरावानी आहे. काळपट."
घरात जाऊन तिचीच काजळाची डबी आणली. जुन्या फिल्टरच्या काचेवर मधोमध बोट टेकवलं, काच लेन्सपुढे लावली. सगळाच फोटो मळका आला. लेन्सचं उजेड आत घेणारं भोक बारीक केलं तेव्हा कुठे डाग जागेवर बसला.
"लहान झाला. वाढव." वाढवला. "थोडा खाली." पुसला, खाली घेतला. "कडा फिकी कर." अकरा वेळा पुसलं. तिला चेव आला होता. मलाही. दोघी हसत होतो, हात काजळाने काळे. मग एकदम:
"हां. हेच."
पडद्यावर मी होते. कानातले, खांदे, मागची विटांची भिंत, दोरीवरची साडी. तोंड नाही.
"मी अशी दिसते तुला?"
"आवाज तुहाच येते ना," म्हणाली.
आत जाऊन रडले. आणि रडता रडता डोक्यात आलं की प्रदर्शनाचे फोटो सापडले. लाज वाटली. पण आलं.

२० सप्टेंबर, शनिवार
सहा झाले. विहाराची पायरी, चपला चोख, चढणारी बाई नाही. फाटकातल्या निर्मलाकाकू: बादली आहे, पदराची किनार आहे, काकू नाहीत. आयुष्यात इतकं बरं काम केलं नव्हतं.
प्रदर्शनवाल्यांना प्रत्येकासोबत चार ओळी हव्यात. आई म्हणते, "फोटो दे. माहं काई लिवू नको." म्हटलं, तुझं नाही लिहिलं तर ते नुसते बिघडलेले फोटो आहेत. म्हणाली, "मंग बिघडूच दे." माझा आवाज चढला. नको ते बोलले, की चाळीस बायांना फसवतेस. जेवली नाही.
विहारात जाणंही बंद केलंय तिने. घसा बसला म्हणून सांगितलं. आता दुसरी एक जण वाचते, अडखळत. भोंगा घरापर्यंत ऐकू येतो. आई अंगणात बसून ओठ हलवते, अडखळलं की आधीच पुढचा शब्द म्हणून मोकळी होते.

२८ सप्टेंबर, रविवार
काकूंकडून भिंतीवरून वाटी येणं बंद झालं. तीस वर्षं काही ना काही यायचं, आंबाडीची भाजी, कढी, पाटोडी. आईने आज पाटोडी केली, वाटी भरली, भिंतीपाशी गेली आणि तशीच परत आली.
"ते तिकडं उभी आहे का कोण आहे, समजलं नाई. उगाच हाक मारू कोणाले?"
मला कशातच लक्ष लागत नाही. एका वाढदिवसाचे फोटो द्यायचे राहिले. फोन उचलत नाहीये. सहा फोटो रोज उघडते, बंद करते. तिला न सांगता पाठवले तर कळणारही नाही. हे मी लिहिलं, म्हणजे मनात आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार
आई सकाळी: "सोमवारी समाप्ती आहे. तो वाकड्या मानेचा कॅमेरा संग घेजो. काजळ लावून."
"फोटो काढायचे?"
"घेजो म्हणलं ना."

६ ऑक्टोबर, सोमवार
पौर्णिमा. समाप्ती. सगळ्या पांढऱ्या साड्यांत, मागे खिरीचं पातेलं. आम्ही गेलो तर मान ताठ झालेल्या शशीबाईला कोणी सरकून जागा दिली नाही. आई सरळ पुढे गेली, पायाने पाट चाचपला, बाजूला बसली.
"निर्मला कुठी आहे? इकडं ये."
काकू आल्या. फुगलेल्याच.
"शितलच्या हातातून तो कॅमेरा घे. याच्यातून माह्याकडं पाह्य."
काकूंनी पाहिलं. कॅमेरा खाली घेतला, आईकडे पाहिलं, परत वर घेतला. "याच्यात तं तुहं तोंडच नाई व शशी. निस्ता पदर दिसते."
"मले तुहं तोंड दिसून नाई राह्यलं उन्हाळ्यापासून. चौकात हात केला म्हणतं, तो हात मले कुठून दिसन?"
पातेल्यातला डाव ढवळायचा थांबला. काकूंनी कॅमेरा डोळ्यासमोरून काढलाच नाही, तशाच उभ्या. मग तो हातोहात फिरला. एकेक बाई आईकडे तोंड करून त्यातून बघायची आणि शेजारणीला द्यायची. एका म्हातारीने काच पदराने पुसायला घेतली, तिला वाटलं मळलीय. मी धावून वाचवली.
शेवटचा पाठ राहिला होता. आई पाटाला हात न लावता बसून होती. कोणीतरी म्हणालं, "राहू द्या शशीबाई, तुमाले त्रास." मी आईकडे पाहिलं. याचंच तिला भ्या होतं. ओठ घट्ट मिटले होते तिने.
निर्मलाकाकूंनी ग्रंथ उचलला, मांडीवर घेतला. "त्रास कायचा? पाठ आहे तिले. म्हण व, मी पाह्यते."
आई म्हणत गेली, काकूंचं बोट ओळींवरून तिच्यासोबत. पान उलटल्यावर काकूंनी एकदम थांबवलं. "ए, चुकली. एक ओळ गाळली."
"नाई गाळली."
"गाळली म्हणते ना! मागं जा."
आई मागे गेली. गाळलेली ओळ म्हटली. तिचं तोंड असं उजळलं होतं, आणि माझ्याकडे त्याचा फोटो नाही. कॅमेरा म्हातारीच्या मांडीवर होता.

७ ऑक्टोबर, मंगळवार
आई म्हणाली, फोटो पाठव, लिव काय लिवायचं ते. मग म्हणाली, थांब, परवाचं इंजेक्शन होऊ दे, डॉक्टर काय म्हणते पाहू. परवा नऊ. शेवटची तारीख दहा. फाटकातल्या काकूंच्या फोटोखाली एकच ओळ लिहून ठेवली: ही निर्मला, आई हिला आवाजावरून ओळखते. बाकी पाच कोरे. पाठवलेलं काही नाही.
मघाशी रस्त्यावरून अख्ख्या नालवाडीला ऐकू जाईल असा आवाज आला. "शशी! मी निर्मला व! हात करून राह्यली!"
आईने अंगणातून हात केला. जरा भलतीकडेच. काकू दोन पावलं सरकल्या आणि त्या हाताच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.