आषाढातला जिताडा

अंबरनाथ,
पौष महिना

प्रिय बाय,

बाबा गेले. आज महिना होत आला. तुला ते ठाऊकच असेल, तुझ्याकडेच आले ना ते! पण हे पत्र त्यासाठी नाही. बाबांच्या तेराव्याला लाडकूकाकीने मला मागच्या पडवीत नेलं आणि सहा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगितली.  तेव्हापासून घरात कुणाशी बोलावं ते सुचत नाही. म्हणून ह्यांच्याकडून चार कोरे कागद मागून घेतले आणि तुला लिहायला बसले.

तुला वाचता येत नव्हतं, हे का मला माहीत नाही? सातवीची फायनल झाली तेव्हा मी म्हटलं होतं, "बाय, बस माझ्यापाशी, बाराखडी शिकवते." तू दोन्ही हात माझ्यापुढे धरलेस. वल्हं मारून मारून तळवे दगडासारखे झाले होते. "या हातान् पेन्सिल धरली त मोडंल गो!" म्हणालीस आणि खो खो हसलीस. मीही हसले. का हसले मी? धरून बसवायला हवं होतं तुला.

आय मला जन्म देऊन बाराव्या दिवशी गेली. तू तेव्हा नऊ वर्षांची. त्या वयात मुली सागरगोटे खेळतात, आणि तू मला कडेवर मारून दारोदार दूध मागत फिरलीस. शहाडजवळच्या आपल्या गावात कुणाची गाय व्याली, कुणाची शेळी व्याली, हे म्हणे तुला आधी कळायचं. हे मला तू कधीच सांगितलं नाहीस. सगळं लाडकूकाकीकडून ऐकलं. तिच्या नवऱ्यालाही खाडीनेच नेलं होतं, म्हणून ती आपल्याच घरात असायची, अर्धी शेजारीण, अर्धी आई.

मग बाबांचा उजवा हात लुळा पडला. मी तिसरीत होते. चार दिवस होडी काठाला बांधलेली होती आणि चार दिवस आपल्या चुलीवर नुसती पेज होती. पाचव्या दिवशी तू होडीचा दोर सोडलास. रामाकाका काठावर उभे राहून ओरडले, "बाईमानूस होरीत जाऊन जालं टाकनार? गावाची अब्रू रं!" आणि तू काय म्हणालीस आठवतं? "मंग काका, तुमी आनून द्या आमच्या घरात मासली. रोज." काकांनी वाट सोडली. बाबा दारात बसून रडत होते. तू मागे वळून पाहिलं नाहीस. लाडकूकाकी धावत गेली आणि तुझ्यासोबत होडीत बसली. तिला पोहता येत नव्हतं, तरी बसली.

ओहोटीबरोबर खाली जायचं, कल्याणच्या पुढे खाडी रुंद होते तिथे जाळं टाकायचं, आणि भरतीच्या पाण्यावर बसून परत यायचं. इतकं सोपं करून तू मला सांगायचीस, जणू शाळेत जाऊन यायचं! मी घाबरू नये म्हणून ना?

फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत सिंधी लोक आले त्या पावसाळ्यात तू पाला मासा घेऊन बराकींत गेली होतीस. मी टोपली धरायला बरोबर होते. एका म्हातारीने तो मासा हातात घेतला, "पल्लो, पल्लो" म्हणत छातीशी धरला आणि हमसून हमसून रडायला लागली. तिच्या नदीतला मासा होता तो. तू तिच्याकडून काही घेतलं नाहीस. तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिलीस. भाषा तिची तुला येत नव्हती, तुझी तिला येत नव्हती. घरी येताना मी कुरकुरले, "फुकट का दिलास?" तू म्हणालीस, "तिचा सगला गेला गो. येक मासा त मिलूं दे."

अशी होतीस तू. आणि स्वतःच्या बाबतीत? दोन स्थळं आली, दोन्हींना परत धाडलंस. "यमूचा होऊं दे आदी." यमूचा झाला. अंबरनाथच्या कारखान्यातला नोकरीवाला नवरा, चाळीतली खोली, दारात नळ. मांडवातून निघताना मी तुझ्या गळ्यात पडून म्हटलं, आता तुझं बघ. तू हो म्हणालीस. खोटं बोललीस, बाय.

आता त्या दिवसाबद्दल लिहिते. 

आषाढ संपत आला होता. मला पाचवा महिना. तू चालत आली होतीस, पदराखाली कैऱ्यांचं लोणचं घेऊन. सासूबाईंनी चहा केला. तू माझ्या पायापाशी बसलीस आणि लागलीस विचारायला, "काय खावासा वाटतं गो? सांग ना. काय आनू?" मी म्हटलं, काही नको. तू ऐकेनास. पुन्हा तेच. पुन्हा तेच. शेवटी तुझं समाधान व्हावं म्हणून मी तोंडाला आलं ते बोलून गेले, "जिताडा खावासा वाटतो. जिताड्याच्या डोक्याचं कालवण."

तुझा चेहरा कसा उजळला! पण सासूबाई म्हणाल्या, "श्रावणात आमच्या घरी मासळी शिजत नाही हो." तू बोटांवर दिवस मोजलेस. चार उरले होते. "मंग अवसेपर्यंत आनतंय," म्हणालीस आणि उठलीसच. मी म्हटलं, अगं राहा आज. तू पायऱ्या उतरतानाच म्हणालीस, "येतंय ना परत, जातंय कुठं!"

बाय, खरं सांगू? त्या दिवसांत मला मासळीचा वाससुद्धा सहन होत नव्हता. शेजारणीने बोंबील भाजले तरी मी ओकत होते. नुसती चिंच खाऊन जगत होते मी! मला जिताडा नको होता. मला काहीच नको होतं. मी तुला उगाच म्हटलं. उगाच!

तू आली नाहीस. श्रावण गेला, भाद्रपद गेला. मला वाटलं, नाराज झालीस. मी ह्यांना विचारायचे तर हे म्हणायचे, तिकडे पाऊस फार आहे, बाबांची तब्येत बरी नाही. कार्तिकात सुमन झाली. बाराव्याला बाबा आले, एकटे. लुळा हात पदरासारखा धरून कोपऱ्यात बसले. मी बाळंतिणीच्या खाटेवरून त्यांच्यावर तोंड टाकलं, "तिला म्हणावं, बहिणीची पोर बघायला वेळ नाही ना? तर येऊच नकोस आता. माझ्या दारात पाय ठेवू नकोस!" सगळी चाळ ऐकत होती.  बाबांनी बाळाच्या कपाळाला हात लावला आणि ते उठून गेले.

तेव्हा तुला जाऊन चार महिने झाले होते.

सव्वा महिन्याने ह्यांनी मला सांगितलं. होडी काठावरून सुटली होती, ती आणायला तू पाण्यात उतरलीस आणि ओढली गेलीस, असं. पोटुशी बाईला सांगू नये म्हणून सगळ्यांनी लपवलं. मी किती दिवस रडले ते तुला काय सांगू? पण त्या रडण्यात रागही होता. वाटायचं, एका लाकडी होडीपायी गेलीस! माझा विचार नाही केलास! सहा वर्षं मी तुझ्यावर रागावून होते, बाय. तुझं नाव निघालं की विषय बदलायचे.

आणि आता लाडकूकाकी म्हणते, होडी सुटली नव्हती. तूच काढली होतीस.

पावसाळ्यात गावच्या सगळ्या होड्या वर ओढून शाकारलेल्या होत्या. नारळ पाण्यात पडल्याशिवाय कुणी होडी उतरवत नाही, आणि तू अवसेच्या पहाटे आपली होडी उतरवलीस. काकीने हाताला धरून विचारलं, येडी झालीस का? तेव्हा तू तिला ते सांगितलंस, जे मला कधी सांगितलं नाहीस. माझ्या वेळी आयने जिताडा मागितला होता. आषाढच होता. बाबा म्हणाले होते, पाणी उतरल्यावर आणतो. ते राहूनच गेलं, आणि आयही राहिली नाही. नऊ वर्षांच्या पोरीच्या मनात ते बसलं. "आयचा रायला होता, काकी. यमूचा नको रावाला." काकी म्हणते, हे ऐकल्यावर मी तिला अडवू शकले नाही. मुकाट्याने होडीत बसले.

जिताडा मिळाला! हे काकीने सांगितलं तेव्हा तिचा चेहरा क्षणभर तुझ्यासारखा झाला. हातभर लांब, चंदेरी. तू त्याला ओल्या गोणपाटात गुंडाळून पायाशी ठेवलंस आणि भरतीवर होडी परत लावलीस. गाणं म्हणत होतीस म्हणे. दुपारी शहाडच्या पुलाच्या अलीकडे भरती मंदावली. वरून बदलापूरच्या डोंगरांतलं पाणी खाली यायला लागलं होतं, तांबडं, फेसाळ. भरती संपली, ओहोटी लागली आणि दोन्ही पाणी एकाच वेळी अंगावर आली. त्या दिवशी दुपारी मी खिडकीत बसले होते, बाय. बदलापूरच्या बाजूला आभाळ काळंकुट्ट होऊन कोसळत होतं आणि मी सासूबाईंना म्हणत होते, किती छान गारवा आलाय!

होडी एका बुडालेल्या खुंटावर आपटली आणि उलटली. जाळी बांधायला पुरलेले खुंट तिथे रांगेने होते. तू काकीचे केस धरून तिला एका खुंटापाशी ओढलंस, तिचे दोन्ही हात त्याला वेटाळलेस. "घट धर. सोरू नको." तुलाही धरता आलं असतं. शेजारी दुसरा खुंट होता. पण होडी पालथी होऊन वाहत चालली होती. तू तिच्याकडे पाहिलंस. "बाबाची होरी गेली त उद्या काय खावाचा?" एवढं म्हणालीस आणि हात मारत तिच्या मागे गेलीस.

काकी तिथे दोन तास लोंबकळत होती. तिला काढलं तेव्हा तिचे हात खुंटापासून सुटेनात.

होडी अर्ध्या मैलावर तिवरांच्या झाडीत अडकलेली मिळाली. धडधाकट. एक फळीसुद्धा निघाली नव्हती. तू तिसऱ्या दिवशी कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या खाली सापडलीस.

बाबांनी काकीला शपथ घातली, यमूला यातलं अक्षर सांगायचं नाही. पोर जिवाला लावून घेईल. बाबांनी सहा वर्षं माझी बोलणी खाल्ली. मी त्यांना म्हटलं होतं, तुम्ही एक होडी सांभाळू शकला नाहीत! हेही बोलले मी, बाय. त्यांनी मान खाली घातली होती.

पडवीत हे सगळं ऐकलं आणि मी काकीवर ओरडले. "तू का जगलीस? तुला का वाचवलं तिने?" असं म्हणाले मी. त्या म्हातारीला! ती उठली नाही, रडली नाही. म्हणाली, "मी पन रोज त्याच विचारतंय गो. दे शिव्या. मना बरा वाटंल." मी तिथून निघून आले. स्टेशनपर्यंत मागे न बघता चालत आले.

दोन आठवडे मी भांडतेय. कधी तुझ्याशी, कधी बाबांशी, कधी स्वतःशी. तू मला एकदा तरी विचारायचंस, यमू, तुला खरंच हवाय का? मी नाही म्हटलं असतं! आणि दुसरा खुंट का नाही धरलास? होडीचं काय, मी माझ्या बांगड्या दिल्या असत्या. नळाच्या पाण्याने धुणी धुतली असती चार घरची. तुला काय वाटलं, तुझ्यावाचून आमचं पोट भरेल आणि आम्ही सुखाने खाऊ?

राग संपला की काहीच उरत नाही. नुसती तू उरतेस, माझ्या पायापाशी बसून "काय आनू?" विचारणारी. मला तुला सांगायचं आहे की मला तूच हवी होतीस. त्या दिवशी रात्रभर राहिली असतीस तर मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपले असते. डोहाळा एवढाच होता. तो मला सांगता आला नाही.

काल सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं निवडणं बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "ती लाडकू आता एकटीच असते ना तिकडे? दिसतंही नाही म्हणे तिला नीट." मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "मग बसून काय राहिलीस?"

परवा रविवार आहे. ह्यांना सुट्टी आहे. आम्ही दोघं जाणार आहोत. काकी येणार नाही म्हणेल, दार लावून घेईल, मला ठाऊक आहे. मी तिच्या पायावर डोकं ठेवेन आणि दारातच बसून राहीन. जे बोलले ते तिच्यासमोर परत घेईन. तुला शब्द देते, बाय, तिला इथे आणीन. तिचे डोळे दाखवीन. सुमनला सांगेन की ही तुझी आजी. त्या दिवसाबद्दल तिला पुन्हा कधी विचारणार नाही, आणि ती आपणहून बोलली तर उठून जाणार नाही. तू तिला जगवलंस. ती नीट जगते की नाही, ते आता मी बघेन.

तुझीच,
यमू