मोहफुलांची बंदी

९ मार्च १९३९, नवापूर

डोंगरातल्या गावची चाळीस घरं झाली. चाळीसही घरांत एकच उत्तर — "मोहफुलं? नाहीत." घरात मोहफुलं साठवायला सरकारनं बंदी केली, त्याला तीन वर्षं झाली. त्यामुळं दारू पिणं कमी झालं का, एवढंच मला शोधायचंय. पुण्याला कॉलेजात सरांना काय दाखवू? चाळीस 'नाहीत'!

सोबतीला सुकलाल गुरुजी. मूळचे खाली सपाटीवरच्या कोरीट गावचे, पण बारा वर्षं इथल्या शाळेवर; डोंगरातली बोली त्यांना येते. परतताना हसले — "भाऊसाहेब, तुम्हना अंगवर खाकी शे. लोक तुमले आबकारीना माणूस समजी ऱ्हायनात!"

१० मार्च

आजपासून खाकी बंद, धोतर. दारूवर नजर ठेवणाऱ्या आबकारी खात्याचा माणूस वाटायला नको.

१४ मार्च

गावातल्या रेवाबाईकडे जेवलो. नवरा नाही, तीन मुली. पानावर उकडलेली मोहफुलं, तुरीचे दाणे घालून. गोडसर लागतात, पोट भरतं. चैत्र-वैशाखात हेच खाणं! मला हे ठाऊकच नव्हतं. मी फुलं म्हणजे दारू एवढंच धरून आलो होतो.

तिचं बोलणं गुरुजींनी सांगितलं — "पिणारा दुकानात जाऊन पितो. बंदीनं पोरींचं खाणं तेवढं गेलं." मग तिनं माझ्या कागदाकडे बोट केलं. नाव लिहितोस? म्हटलं, लिहितो, पण कुणाला दाखवणार नाही. शब्द दिला.

२३ मार्च

याला खरं सांगा म्हणत रेवाबाई स्वतः घरोघर फिरली. एकतीस घरं आता खरं बोलली. पिणारे होते तेवढेच आहेत. उन्हाळ्यात मात्र वीस घरांत एक वेळ चूल पेटत नाही. दारूचा मला आजही तिटकारा. बंदी बरोबरच, असं सिद्ध करायला निघालो होतो!

२८ मार्च

आबकारी फौजदार बिऱ्हाडी आले. सभ्य माणूस. चहा घेतला. "फुलं कुणाकडे आहेत ते तुम्ही लिहून घेतलंय म्हणे. कागद द्या." नाही म्हटलं. "परवा येतो. तोवर तुमच्या सरांना विचारा."

३० मार्च

सरांची तार — कागद द्यावेत. अभ्यासाला मदत सरकारचीच आहे.

सगळे तक्ते चुलीत घातले. तीन आठवड्यांची मेहनत! दुपारी फौजदार आले. राख दाखवली. त्यांनी वाकून पाहिली. मग म्हणाले, "वर कळवावं लागेल." टोपी घालून गेले.

५ एप्रिल

पुण्याची माझी नोकरी गेली. गुरुजींकडे राहायला आलो.

गावात जाऊन सांगितलं, कागद जाळले, आता माझ्याकडे काहीच नाही. रेवाबाई भराभर बोलली. गुरुजींनी सांगितलं — "म्हणते, पुन्हा लिही. आमच्या नावानं, थेट कलेक्टरला. लपून किती दिवस खायचं?" मी घाबरलो. धरून नेतील म्हटलं. "नेऊ देत. सगळं गाव कुठं ठेवतील?"

६ एप्रिल

अर्जावर बेचाळीस अंगठे. पहिला रेवाबाईचा.

१७ जून

धुळ्याहून कलेक्टरांचा हुकूम. खाण्यापुरती फुलं घरात ठेवायला या गावाला मुभा! खाली कारण दिलंय — आबकारी फौजदारांनी स्वतः घरं फिरून कळवलं, की अर्जदार खरं बोलतात.