मोहरीएवढी अफू

अकोला
माघ वद्य ७, शके १८५३

चि. सौ. शकुन हिस,

तुझ्या मामाजींचा, सासऱ्याचा आशीर्वाद. पत्राला फार उशीर झाला, राग धरू नको. नातू झाल्याचं खुशालराव व्याह्यांचं कार्ड पौषातच आलं होतं, पण माझा हात धजला नाही. कार्ड वाटेत दहा जण वाचतात, म्हणून आज पाकीट आणलं. तू तिसरी शिकलेली आहेस. स्वतःच वाच, बाबांकडून वाचून घेऊ नको.

पोराला कानटोपी घालत जा. शेगडीपासून लांब निजव, गोधडी कधी पेट घेते कळत नाही. वरचं दूध उकळून दे. ढोरांच्या गोठ्यात ठेवू नको. आणखी काय, आठवलं की लिहितो.

हे परवा बाजारात सरकारी नर्सबाईनं सांगितलं. तिच्याजवळ चित्रं होती. वांग्याची टोपली तशीच टाकून मी पुढं जाऊन बसलो. एका चित्रातलं पोर निळं होतं. बाई म्हणाली, लेकराला अफू देऊच नका. आईनं दिलेली असते, दुसरा कोणी न विचारता पुन्हा देतो, मग लेकरू उठत नाही.

आपला उत्तम तसाच निळा झाला होता.

त्या दिवशी श्रावणात तू भेंडी तोडायला गेलीस. सकाळी त्याला मोहरीएवढी दिली होतीस, तुझ्या सासूनंच शिकवलं होतं तसं. झोळीजवळ मी होतो. दातांमुळे तो उठून रडायला लागला, थांबेचना. मी माझ्या डबीतली थोडी चाटवली. मोहरीएवढीच, असं मला वाटलं. तो लगेच गप्प झाला, मला बरं वाटलं.

"रांडेनं सोताचं पोर खाल्लं!" म्हणून तुझी सासू ओरडली. तुझ्या नवऱ्यानं, महादेवानं, तुला दोन जिवांची असताना अंगणात ओढलं. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "मामाजी, तुमी तं पायलं ना, मी मोहरीयेवढीच देल्ली."

मी म्हणालो, "मले काय दिसते, बाई?"

महादेवाला सांगावं म्हणून दोनदा तोंड उघडलं. पण या वयात मला भाकर कोण घालेल? आता सुभद्रा म्हणून नवी सून आणली आहे. होळी झाली की महादेव तुझं पोर न्यायला तिवस्याला, तुझ्या माहेरी येणार आहे. "दुसरं तिच्या हातानं मरू देत नाही," म्हणतो. तुला आणणार नाहीत. पोर त्याच्या हवाली करू नको असं मी लिहीत नाही, तेवढी माझी छाती नाही.

सुभद्रा भाजीच्या वाडीत जाईल, सासू बाजारात. पोर माझ्याजवळ राहील. डबी फेकली होती, गुडघे ठणकायला लागले तसा पुन्हा उचलून आणली.

पोर रडकं आहे की शांत, एवढं होळीच्या आत कळव. लवकर कळव.

पोराजवळ बसणारा,
पंजाबराव