पंधरा पॉइंट

३ डिसेंबर

हिरा येतोय! लिहून टाकते, नाहीतर माझ्या पोटात राहायचा नाही.

झालं असं — हे दारच्या ओट्यावर उभे राहून किसनभाऊंशी फोनवर बोलत होते. किसनभाऊ यांचे लहानपणचे दोस्त, मुंबईला असतात. आवाज एकदम बारीक! यांचा आवाज बारीक झाला की माझे कान आपोआप मोठे होतात. ऐकू आलं ते एवढंच — "पॉइंट चांगला पाहिजे... पंधराच बरोबर, चौदा नको... घासेल नको, कोरा धाड... अन् घरमा सांगू नको, ती बोंबलस."

मी बोंबलते! बरं.

चंचल कामावरून आल्या आल्या तिला सांगितलं. माझी पोर इथे सुरतेतच, कतारगामला हिऱ्यांच्या ऑफिसात बसते, दिवसभर चिमट्याने हिरे निवडते. तिथे वजन पॉइंटातच बोलतात — शंभर पॉइंट म्हणजे एक कॅरेट. ती उडालीच. "आई! पंधरा पॉइंट म्हणजे मसुराच्या दाण्याएवढा!" मग जरा विचारात पडली. "पण पप्पा कोरा का मागवतात? घासलेला का नको?" म्हटलं, तुझ्या पप्पांना सगळं स्वतः घासायला आवडतं, बुलेटपासून तपेल्यापर्यंत.

अठराला आमच्या लग्नाचा वाढदिवस. आजवर काय काय मिळालं? एकदा मिक्सर. एकदा पंखा, तोही टेबलावरचा. आणि आता एकदम हिरा! माणूस सुधारतो म्हणायचा.

५ डिसेंबर

कानांची भोकं बुजत आली होती. खोबरेल लावून काडी घातली. दुखलं. हिऱ्यासाठी दुखलं म्हणून गोड वाटलं.

९ डिसेंबर

समोरच्या प्रमिलाबाईंना सांगायचं नाही असं ठरवलं होतं. सांगितलं. म्हणजे आता पर्वत पाटियाच्या चौकापर्यंत सगळ्यांना माहीत झालं असणार.

१८ डिसेंबर

जळो तो पॉइंट!

मुंबईहून पार्सल आलं. मी हिरवी पैठणी नेसून बसलेली. प्रमिलाबाई समोरच्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. एवढी मेथी त्यांच्या घरात कोण खातं, देव जाणे! यांनी डबी उघडली, आतला कागद उघडला, आणि त्यातून निघाला — पत्र्याचा एक तुकडा. वाकडा, उंदराच्या कानाएवढा.

"हाई काय शे?" मी विचारलं.

"पॉइंट!" चेहरा कसा, जसा काही नातू झालाय. "बुलेटना. वरिजिनल! आते भेटतस का असा?"

मग समजावून सांगायला लागले, मला, पैठणीत. इंजिनाजवळ एका झाकणाखाली दोन बारीक टिकल्या असतात. एकमेकींना भेटतात, सुटतात. सुटताना ठिणगी पडते, गाडी चालते. सुटल्यावर दोघींत अंतर किती हवं? तर तेच ते — पंधरा! एका इंचाचे हजार भाग करायचे, त्यातले पंधरा!

चंचल हसून हसून जमिनीवर बसली. आणि प्रमिलाबाई ओट्यावरून ओरडल्या, "रंजनाताई, कानात घालून तर दाखवा!"

दाखवीन. कानात नाही, पण दाखवीन.

१९ डिसेंबर

सकाळी दोडका. संध्याकाळी दोडका.

२१ डिसेंबर, रविवार

नवा पॉइंट बसवायला हे सकाळपासून झाकण उघडून बसले. पॉलिश पेपर घेऊन घासतात, फुंकतात, पत्ती घालून अंतर मोजतात, पुन्हा घासतात. कोरा मागवला होता ना? मग घासता कशाला! पण बोलले नाही. मी बोलतच नव्हते.

दुपारी किक मारली. गाडीने किक उलटी मारली. पायाची नळी टम्म सुजली. हळद गरम करून लावली, तेव्हा बोलावंच लागलं. जेवायला वाढताना म्हटलं, पॉइंटाऐवजी सगळे इलेक्ट्रॉनिक बसवतात, तुम्ही बसवा. एक किक की चालू, घासणं नाही, पाय फुटणं नाही.

"रस्तामा पॉइंट बिघडना ते काडीपेटीवर घासा, चालनी गाडी. अन् तुनं विलेक्ट्रॉनिक बिघडनं ते? ढकलत जा पार कडोदरा लोंग!"

आणि ताट सरकवून उठले.

माझंच चुकलं. तो शब्द यांच्यासमोर काढायचा नसतो. कडोदऱ्याच्या कापड कारखान्यात हे मागांचे मास्तर होते. बंद पडलेला माग नुसता आवाज ऐकून दुरुस्त करायचे. मग इलेक्ट्रॉनिक मशिनी आल्या. शेठ म्हणाला, "वाल्मिकभाई, आने मास्तर नी जोईए," म्हणजे याला मास्तर लागत नाही, आणि यांना गोडाऊनात कापडाचे टाके, म्हणजे तागे, मोजायला बसवलं. अजूनही तिथेच मोजतात. घरी येऊन कारखान्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. जीव तुटतो माझा, खरंच. पण पैठणी नेसून मी पत्र्याचा तुकडा बघितलाय, हेही खोटं नाही!

२४ डिसेंबर

राकेशच्या गॅरेजवर गेले. सगळ्या सोसायटीच्या गाड्या तोच बघतो, तोंडाने मोठा फटकळ पोरगा.

म्हटलं, काकांच्या बुलेटला इलेक्ट्रॉनिक बसव, पण काकांना कळता कामा नये. त्याने हातातला पाना खालीच ठेवला. "काकी, ते रोज झाकण उघडून बघतात. पॉइंट दिसला नाही तर मला उघडतील!"

मग त्यानेच सांगितलं, दोन तऱ्हा आहेत. एकीत पॉइंट काढून फेकायचा, सगळं काम नवं बसवलेलं करणार. दुसरीत पॉइंट जागच्या जागी ठेवायचा आणि सीटखाली साबणाच्या डबीएवढा डबा बसवायचा. पॉइंट नुसता इशारा करतो, करंट डबा सांभाळतो. त्यामुळे पॉइंट जळत नाही आणि गाडी पटकन चालू होते. "पहिलीच चांगली," म्हणाला, "एकदा बसवली की बघायला नको. दुसरीत पॉइंट थोडाफार बघावाच लागतो."

मी म्हटलं, दुसरीच बसव. बघायला माणूस आहे ना घरात! शिवाय आमच्या घरात असंच चालतं. हे इशारा करतात, करंट मी सांभाळते.

राकेश हसला नाही. लग्न व्हायचंय त्याचं.

२८ डिसेंबर

हे शिरपूरला पुतण्याच्या साखरपुड्याला गेले. माझं डोकं दुखत होतं. बस सुटली आणि डोकं थांबलं!

राकेश आला. सीट काढली, डबा बसवला, काळी पट्टी गुंडाळली, यांच्या पायाची नळी वाचवायला काहीतरी टायमिंगही बघितलं — म्हणजे किक उलटी मारायची नाही असं. प्रमिलाबाईंनी विचारलं, काय चाललंय? म्हटलं, हॉर्न वाजत नाही.

३० डिसेंबर

एक किक! एकच!

हे गाडीकडे बघतच राहिले. मग बंद करून पुन्हा मारली. पुन्हा चालू. "देख! देख वं! नवा पॉइंट अन् हातना गुण!"

मी पदराचा बोळा तोंडात घालून स्वयंपाकघरात. बाहेर येऊन म्हटलं, "हो ना! हात लागतो अशा कामाला."

३ जानेवारी

रोज सकाळी एक किक, आणि मग प्रवचन. आज दूधवाल्याला दिलं. त्या बिचाऱ्याकडे इलेक्ट्रिक स्कूटर आहे.

मी रोज दारात उभी राहते. आजकाल झोपेतून उठतानाच हसू येतं.

१४ जानेवारी

उतरायण. सगळी सोसायटी गच्चीवर, उंधियू, पोंक म्हणजे आपला हुरडा, पतंग, कानठळ्या बसवणारी गाणी. राकेशही आला होता. यांनी त्याला पाण्याच्या टाकीजवळ पकडला आणि पॉइंट कसा ठेवावा याचा क्लास घेतला. माझ्या समोर! "तुम्ही आजकालचे मिस्त्री डबे बसवता. शिका जरा." राकेश मान डोलावतोय, "बरोबर काका, एकदम बरोबर काका." मला ठसका लागला. यांनीच पाठीवर थोपटलं.

१९ जानेवारी

पंचवीसला डुमस रोडला जुन्या गाड्यांची रॅली आहे. जी गाडी आतून-बाहेरून जशीच्या तशी असेल तिला पहिलं बक्षीस. यांनी नाव दिलं. वरिजिनल गाडी म्हणून!

आता हसू पळालं माझं.

कारखान्यात मास्तरकी गेल्यापासून या माणसाने काही मागितलं नव्हतं. सणाला शर्टही नको म्हणायचे. आता शर्ट इस्त्रीला दिलाय, टाकीला मेण लावतात, चंचलला सांगतात, "लोके झाकण उघाडीसन पॉइंट देखतीन, वरिजिनल काय ऱ्हास ते." आणि तिथे कुणी सीट उघडली तर? चार माणसांत यांना खोटं पाडतील. आणि तोंडावर मारतील तो शब्दही तोच — इलेक्ट्रॉनिक!

२० जानेवारी

राकेश गावी गेलाय, महिनाअखेरीस येईल. दुसऱ्या मिस्त्रीला बोलावलं तर प्रमिलाबाई आहेतच. मी स्वतः पाना घेऊन बसले, एक बोल्ट अर्धा फिरवला, आणि हे आले. म्हटलं, पुसत होते. गाडी मी पुसते? तीस वर्षांत कधी पुसली? पण यांनी फडकं दिलं हातात.

२५ जानेवारी

लिहावंसं वाटत नाहीये. तरी लिहिते.

मी म्हटलं, मीही येणार. कधी येत नाही ती आले. मागे बसून डुमस रोडपर्यंत सगळे देव आठवले. गाड्या रांगेत लावल्या. यांचा शर्ट पांढराफेक, भांग पाडलेला. तपासणारा एक जाडगेला सुरती गृहस्थ, हातात बॅटरी. एकेका गाडीची झाकणं उघडतोय, सीट काढतोय. मी उतरलेच नाही. बसून राहिले सीटवर.

आला आमच्याकडे. यांनी झाकण उघडून पॉइंट दाखवला. त्याने वाकून बघितला, खूश झाला. "वाह! आटलो साफ पॉइंट!" हे फुलले. मग तो म्हणाला, "बेन, जरा ऊतरो ने. सीट काढीने वायरिंग जोवानुं छे."

म्हटलं, गुडघा दुखतो.

"बे मिनिट ज, बेन."

म्हटलं, दोन मिनिटंही नाही. धरलाय गुडघा. लोक बघायला लागले. कुणी खुर्ची आणली, कुणी बाम आणला, दोन पोरं मला उचलायला पुढे आली! मी सीटचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. हे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता चिडणार. यांच्या आयुष्यातला एक दिवस, आणि बायको घुबडासारखी बसलीय.

हे त्या माणसाला म्हणाले, "रेहवा दो, शेठ. नंबर नथी जोईतो." नंबरच नको म्हणाले! आणि मग मला, हळूच — "बठ तू. दुखस ते बठ."

आमचं नाव खोडलं. बक्षीस एका लाल स्कूटरला गेलं. परत येताना वाटेत यांनी मला लोचो खाऊ घातला. वर शेव जास्त टाकायला लावली, मला आवडते म्हणून. मी नुसती शेव चिवडत बसले. मी हिरा मागितला नाही तेच बरं! ज्याने एवढंच मागितलं होतं, त्याचं तेवढंही मी मोडलं.

२६ जानेवारी

यांनी सकाळी माझ्या गुडघ्याला तेल चोळून दिलं. दुखतो म्हटला त्या नाही, दुसऱ्याच. मी सांगितलंही नाही.

१ फेब्रुवारी

राकेश आला गावाहून. तडक गॅरेज गाठलं. म्हटलं, आजच्या आज डबा काढ, मी यांना सगळं सांगणार आहे.

तो म्हणाला, "काकी, काकांना पहिल्या आठवड्यातच कळलं. सीट वाजत होती म्हणून त्यांनीच उघडली. गाडी घेऊन आले माझ्याकडे. मी तर तुमचं नाव सांगून पळायच्या तयारीत! पण म्हणाले, काढू नको. तिने पॉइंट जागेवर ठेवलाय. शेठने मला तेवढंही ठेवलं नव्हतं. आणि म्हणाले, तिला बोलू नको, सकाळी दारात उभी राहून हसते ती."

मी तिथेच टायरवर बसले. राकेश पाणी द्यायला लागला.

डबा काढला नाही. येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून यांच्यासाठी झिरो नंबरचा पॉलिश पेपर घेतला.