बंद दारावरची 'तपासणी पूर्ण'

मानोरा,
१४ मे

प्रिय अंजू,

हे पत्र वाचून होईपर्यंत अहवाल पुढे पाठवू नकोस. शुक्रवारी तुझी बैठक आहे, म्हणून आजच स्पीड पोस्टाने टाकते आहे. फोन का केला नाही, असं तू म्हणशील. परवाच्या फोननंतर माझ्या फोनवरच्या बोलण्याचा मलाच भरवसा उरलेला नाही. तेव्हा गुडघेदुखी, उन्हाळा, कैरीचं लोणचं हे सगळं बाजूला ठेवते आणि तांड्यावरचं लिहिते.

क्षयाच्या सर्वेक्षणाची तुझी आखणी चोख होती, आणि इथली देखरेख तू माझ्यावर सोपवलीस. तांड्यात दोनशे दहा घरं. चिठ्ठी टाकून पहिलं घर, मग दर सातवं, अशी तीस. पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाला खोकला, ताप, वजन विचारायचं, छातीचा एक्स-रे काढायचा, शंका आली तर थुंकीचा नमुना घ्यायचा. बंद घरी तीनदा जायचं, तरी कुलूपच असेल तर 'बंद' लिहून पुढे निघायचं. त्याऐवजी शेजारचं घर घ्यायचं नाही. हे तू माझ्या ओट्यावर बसून मला दोनदा समजावलंस. वर्गात हजर असलेल्या मुलींनाच विचारलं की आजारी कोण, तर वर्ग ठणठणीतच निघणार, असं म्हणालीस. मी मान डोलावली. चौतीस वर्षं आरोग्य खात्यात काढून निवृत्त झालेल्या बाईला एक गोष्ट दोनदा सांगायची गरज नाही, असं मनात म्हटलंही.

जानेवारीत तीसपैकी अकरा घरांना कुलूप होतं. दिवाळी झाली की निम्मा तांडा ऊसतोडीला जातो, हे इथल्या कोणालाही विचार. त्या अकरांच्या जागी शेजारची अकरा घरं घेतली गेली. फॉर्मवर माणसं शेजारची आणि घर क्रमांक कुलूपबंद घरांचे. तीस घरांत मिळून क्षयाचा एक रोगी. तालुक्यातला सगळ्यात कमी आकडा आमचा. त्यावरूनच पुढच्या वर्षी एक्स-रेची गाडी या बाजूच्या तांड्यांवर येणार नाही, असं ठरत आलं आहे.

एप्रिलच्या शेवटी टोळ्या परतल्या. ललिताबाई आणि तिचा नवरा प्रेमसिंग यांचं घर त्या अकरातलं. आले तर दाराच्या कुलपाखाली, फॉर्मवरच्या घर क्रमांकाप्रमाणे, आपली चिठ्ठी चिकटवलेली, 'तपासणी पूर्ण'. मी दुसऱ्याच कामाने तांड्यावर गेले होते, तर प्रेमसिंगने मला रस्त्यातच अडवून घरी नेलं. ललिताबाई बाजेवर बसली होती. संक्रांतीपासून उसाच्या फडातल्या पाचटाच्या कोपीत खोकते आहे, मुकादमाने दिलेल्या औषधाच्या दोन बाटल्या संपवल्या, बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. चिठ्ठीकडे बोट दाखवून ती म्हणाली, “बाई, तुमी कुलपालेच इचारलं का, तुले खोकला हाय का म्हनून?” प्रेमसिंग हसला. मला हसता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात घेऊन गेले. क्षयच निघाला. मग उरलेल्या दहा घरी मी स्वतः फिरले. आणखी दोघं निघाले, त्यातला एक बावीस वर्षांचा. तिघांचेही औषधोपचार सुरू झाले आहेत. शेजाऱ्यांच्या अकरा घरांत एकही रोगी नव्हता, हे लक्षात ठेव. पण हे तीन तुझ्या आकड्यात मिळवू नकोस. महिना वेगळा, पद्धत वेगळी, आणि मी मुद्दाम शोधायला गेले होते. ती अकरा घरं 'बंद' म्हणून नोंदव, शेजाऱ्यांचे फॉर्म काढून टाक, आणि अहवालात स्पष्ट लिही की ऊसतोडीला गेलेली माणसं या आकड्यात नाहीत. पुढचं सर्वेक्षण टोळ्या परतल्यावर, मे महिन्यात घे. माझ्या देखरेखीखालचे दुसरे दोन तांडेही पुन्हा तपास.

आता आपले फॉर्म घरोघरी जाऊन भरणाऱ्या रंजीताबद्दल. फॉर्म भरताना टॅबने नोंदलेलं ठिकाण आणि फॉर्मवरचा घर क्रमांक जुळत नाहीत, म्हणून तिला नोटीस आली आहे. सोमवारपर्यंत खुलासा दिला नाही तर तिची कंत्राटी नोकरी जाईल. तू परवा म्हणालीस की तिने घरी बसून फॉर्म भरले असतील. नाही. ती प्रत्येक बंद घरी तीनदा गेली. तिन्ही दिवसांचे कुलपांचे फोटो तिच्या मोबाईलमध्ये आहेत, काल तिच्या घरी जाऊन मी पाहिले. तिने मला पाणी दिलं आणि फोटो दाखवले. खुलाशाचा कागद तिच्यापुढे कोराच होता.

तो कागद कोरा आहे, कारण तिला माझं नाव लिहावं लागेल. घरं बदलायला मी सांगितलं, अंजू. तिसऱ्या दिवशी तिने अकरा फॉर्मवर 'बंद' लिहून आणलं. माझ्या भागातून अकरा कोरे फॉर्म जाणार, हे मला सोसवलं नाही. नोकरीत मी एकदाही अपुरं रजिस्टर वर पाठवलं नव्हतं, आणि आता भाचीच्या कामात पाठवू? रंजीता म्हणाली, “मॅडम, बंद घर बंदच लिहू द्या नं. अंजूताईनं तसंच सांगतलं हाय.” मी सगळ्यांसमोर तिला सुनावलं, “तुझ्या अंजूताईला बाराखडी मी शिकवली आहे. तू मला शिकवू नकोस.” ती फॉर्म उचलून शेजारच्या दाराशी गेली. परवा तू फोनवर विचारलंस, “मावशी, तुला हे माहीत होतं का?” मी 'नाही' म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की तू पुढे विचारलंच नाहीस, आणि राग रंजीतावर काढलास. सोबत माझा सहीचा जबाब जोडला आहे. त्याची एक प्रत रंजीताला दिली आहे. दुसरी घेऊन मी उद्या सकाळच्या एसटीने वाशीमच्या कार्यालयात जाते आहे. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा ती तिथे पोचलेली असेल. म्हणजे मावशीला वाचवायचं की नाही, हे तुला ठरवावं लागणार नाही.

रागावलीस तरी तुझीच,
वैजूमावशी