घरमोटार चालली नर्मदेला

३ एप्रिल १९३८, रविवार. सकाळी सात.
निश्चय पक्का. कोर्टाला सुट्टी लागली की ११ मे रोजी प्रस्थान. मुक्काम थेट नर्मदाकाठी, पंधरा दिवस. मोटारीतच राहायचं, मोटारीतच चहा, मोटारीतच झोप. सकाळ-संध्याकाळ गळ टाकून महसीर मासा.
वीस वर्षं शहाद्याच्या कोर्टात लोकांची बांधावरची भांडणं ऐकून डोकं भणभणलं आहे. वकीलसाहेब तापट झाले असं लोक म्हणतात. लोक गाढव आहेत. मी तापट नाही. मला हवापालट हवा आहे, एवढंच.
घरमोटारीचा फोटो विलायती मासिकात पाहिला. त्यात साहेब मोटारीच्या खिडकीत बसून मासे धरतो आहे. थोरला भाऊ मुरार लोणखेड्याला शेती करतो, त्याची कापसाची लॉरी उन्हाळाभर गोठ्यात उभीच असते. मागितली. म्हणाला, ने, पण मृगाच्या आत परत दे, होती तशी. ‘होती तशी’ हे तीनदा म्हणाला. सख्ख्या भावावर अविश्वास!

त्याच दिवशी, दुपार.
सौ.ला प्रोग्रॅम वाचून दाखवला. ती म्हणाली, “सरला आखाजीले घर ई ऱ्हायनी, पोरीना दिन भरी ऱ्हायनात, आन् तुम्ही नदीवर?”
सरला आमची एकुलती एक मुलगी. पहिलटकरीण. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येते आहे. बाळंतपण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. मी मेच्या २६ला घरी हजर. मी तारखांचा माणूस आहे, माझी तारीख आजवर चुकलेली नाही. हे सांगितलं तर सौ. पोळ्या लाटत राहिली. उत्तर न देणं हासुद्धा एक प्रकारचा उद्धटपणाच.

९ एप्रिल, शनिवार.
भटू सुताराला कामाला लावलं. लॉरीच्या मागच्या भागात दोन बाकं (रात्री पलंग, दिवसा बैठक), एक कपाट, एक खिडकी, वर पत्र्याचं छप्पर. नकाशा मी स्वतः काढला. भटू नकाशा उलटा धरून म्हणाला, साहेब, छप्पर उंच होतंय. मी म्हणालो, सुतार तू की मी? म्हणाला, मी. असल्या माणसांशी वाद घालण्यात अर्थ नाही. छप्पर नकाशाप्रमाणेच होणार.

१७ एप्रिल, रविवार. सकाळी नऊ.
मुंबईहून पार्सल आलं. वेताची काठी, दोऱ्याची चरखी, गळ. अंगणात प्रॅक्टिस केली. काठी मागे न्यायची, मनगट झटकायचं. पहिल्या झटक्याला गळ तुळशीवृंदावनात. दुसऱ्याला दोरीवरच्या धोतरात. तिसऱ्या वेळी मनगट बरोबर बसलं होतं, पण नेमका त्याच वेळी धानोऱ्याचा पक्षकार नवलसिंग फाटकातून आत आला. गळ त्याच्या पगडीत. मी चरखी फिरवली, पगडी उलगडत माझ्याकडे आली. तो डोकं धरून तिथेच उभा.
न सांगता, न विचारता फाटकातून आत येणं ही आपल्या लोकांची जुनी खोड. हे मी त्याला तिथल्या तिथे स्पष्ट सांगितलं.

१९ एप्रिल.
नवलसिंगाने कागद दुसऱ्या वकिलाकडे नेले. नेऊ देत. त्याची केस पडणारच होती.

२३ एप्रिल, शनिवार.
घरमोटार तयार. लोणखेड्याला जाऊन इन्स्पेक्शन. फारच सुंदर. विलायतेतही अशी नसेल.
बाहेर काढताना छप्पर गोठ्याच्या दाराच्या तुळईला अडकलं. पुढचा पत्रा केळीच्या पानासारखा दुमडला गेला. मुरार धावत आला. मी म्हणालो, तुळई इतकी खाली कोणी बसवली? म्हणाला, आजोबांनी. आजोबांना दूरदृष्टी नव्हती हे मला लहानपणापासून माहीत आहे.
 भटू हसला. पाहिलं मी.

२८ एप्रिल.
ड्रायव्हर उदेसिंग. मुरारचा जुना माणूस, मिश्या मोठ्या, हिंमत लहान. म्हणतो, नर्मदेच्या वाटेवर धडगावच्या घाटात ही गाडी जाणार नाही. “चढी बी जाई साहेब, पन उतरताना बिरेक कोन दाबी, देव?” मी म्हणालो, ब्रेक दुरुस्त कर. म्हणाला, ब्रेक दुरुस्तच आहेत, असेच असतात.
वर विचारतो, साहेब, तुमच्या घरात तर मासा चालत नाही ना? नाही चालत. पिढ्यान् पिढ्या नाही. “खानं नही तं धरनं कसाले?”
याला स्पोर्ट म्हणतात. दहा मिनिटं समजावलं. शेवटी म्हणाला, म्हणजे परत सोडून द्यायचा? हो. “मंग मासानी काय चूक?”
ठरलं. नर्मदा रद्द. तोरणमाळचं तळं. हवा थंड, नर्मदेपेक्षा चांगलंच. खरं तर मूळ विचार तोरणमाळचाच होता.

२ मे, सोमवार. आखाजी.
सरला आली. चेहरा फिका, पाय सुजलेले. माझ्या पाया पडायला वाकली, मी नको म्हणालो. गल्लीत झोके बांधलेत, माहेरवाशिणींची गाणी सकाळपासून. ती नुसती ओट्यावर बसून ऐकत होती. विचारलं, बरं आहे ना? म्हणाली, हो बाबा. झालं. बरं आहे. सौ. उगाच घाबरवते.
भिकुबाई दाई पाहून गेली. म्हणाली, पोट उतरलंय, जूनची वाट पाहू नका. भिकुबाईला कॅलेंडर वाचता येत नाही.

६ मे.
मंडळींनी बरोबर यायला साफ नकार दिला. दोन बाकं करवली ती कोणासाठी? सौ. म्हणाली, “दुसरा बाकवर तुम्हना राग ठेवा.”
चार माणसांत बोलली. दिवसभर जेवलो नाही. (संध्याकाळी थोडा दहीभात. उन्हाचा.)

१० मे.
तोरणमाळचा रस्ता पायथ्यापाशी उखडलेला आहे असं उदेसिंग सांगतो. याला ही बातमी आजच कळावी? संतापाने मस्तक उठलं. तोरणमाळ रद्द. प्रकाशे. तापी. नऊ मैल. जवळ असणं ही उलट सोयच आहे, घरी काही लागलं तर तासाभरात हजर. सौ.ला हे मुद्दाम सांगितलं. मी बेजबाबदार नाही.

११ मे, बुधवार. प्रकाशे.
प्रस्थान सकाळी सहा. प्रत्यक्षात सव्वादहा. हँडल फिरवून उदेसिंगचा खांदा गेला, मग माझा. वाटेत कपाट उघडून घासलेट पिठात सांडलं. पत्र्याखाली भट्टी. दोन पंक्चर. नऊ मैलांना चार तास.
पण तापी पाहिली आणि सगळं विसरलो. उदेसिंगला म्हणालो, गाडी थेट पाण्याच्या कडेला घे, मला खिडकीतून गळ टाकायचा आहे. म्हणाला, साहेब, रेती आहे. मी म्हणालो, नदीला रेतीच असते.
मागची चाकं निम्मी आत गेली आहेत. चिंता नाही. तसंही इथेच राहायचं होतं.

१२ मे.
मासा नाही. खिडकीपासून पाणी वीस हात लांब, गळ रेतीतच पडतो. बाहेर बसलो. डोकं तापून निघालं.
थोड्या अंतरावर वाहरू नावाचा भिल्ल जाळं टाकतो. म्हातारा, काटक, अंगावर लंगोटी. त्याच्या टोपलीत सकाळीच पाच-सहा मासे. माझी काठी हातात घेऊन फार आदराने पाहिली, आणि म्हणाला, “साहेब, पानी तपेल शे. मासा खाल डोहमा ग्या.” पाणी तापलं म्हणून मासा खाली डोहात गेला, तर मग आधी का नाही सांगितलं? म्हणाला, आधी तुम्ही ओरडत होता.

१३ मे, शुक्रवार.
गावातून बैलांच्या दोन जोड्या आणवल्या. बैलांनी ओढलं, साखळी तुटली, लॉरी आणखी वीतभर खाली. बैलवाला म्हणतो चार जोड्या लागतील, आणि बैल लग्नाच्या वऱ्हाडाला गेलेत, परवा येतील. ज्याला त्याला लग्नाचीच पडली आहे. उदेसिंग सावलीत झोपला. त्याला उठवून झापलं. परत झोपला.
मासा नाही.

१५ मे, रविवार. शहादे. घरून.
कालचं लिहायचं राहिलं. लिहितो.
काल सकाळी दहाला सायकलवरून माणूस आला. सरलाला पहाटेपासून कळा. एवढंच सांगून तो पाणी प्यायला गेला.
मी उदेसिंगला म्हणालो, चालू कर. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी स्वतः हँडल फिरवलं. इंजिन लागलं, चाकं जागेवर फिरली, रेती माझ्या तोंडावर उडाली. पुन्हा फिरवलं. मग मी लॉरीला लाथ मारली. मग उदेसिंगला शिव्या दिल्या, मग मुरारला, भटूला, बैलवाल्याला. सायकलवाल्याला सायकल मागितली, पण मला सायकल येत नाही. मागच्या कॅरियरवर बसलो तर अर्ध्या फर्लांगावर मागचं टायर फुटलं.
चालत निघालो. बैलगाडी मिळेना. वाहरू जाळं तसंच टाकून मागोमाग आला, हातात पाण्याचं मडकं. मी म्हणालो, तू कशाला? म्हणाला, साहेबाला रस्त्यात भोवळ येईल.
ऊन असं की रस्ता मातीचा नाही, निखाऱ्यांचाच. मी चाललो होतो आणि बोलत होतो. सुट्टी, लॉरी, दाई, सरकार, रस्ते. सगळ्यांची चूक एकेक करून वाहरूला सांगितली. तो हं म्हणत होता. निम्म्या वाटेवर एका बाभळीखाली पाणी प्यायला थांबलो, तेव्हा तो म्हणाला, “मन्ही बायकोना बाळतपननी येळले मी बी नदीवरच व्हतू. निरोप उना. मी म्हन्तं, जाळं काढी लेऊ, मंग जाऊ.”
मी वाट पाहिली.  त्याने मडक्याचं तोंड फडक्याने बांधलं आणि तो उठला.
मी धोतर कंबरेला खोचलं आणि जमेल तेवढं पळालो. पन्नाशीच्या माणसाने, भर दुपारी, शहाद्याच्या रस्त्याने. समोरून दोन पक्षकार आले, त्यांनी नमस्कार केला. मी केला नाही.
घरी पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. ओट्यावर भिकुबाई पाय पसरून चहा पीत होती. मला पाहून म्हणाली, “बारा वाजता व्हयनी. पोर शे. दोन्ही बेस.” नात झाली, दोघी सुखरूप.
मी पायरीवर बसलो. सौ. बाहेर आली, माझ्या पायांकडे पाहिलं (चपला कुठे गेल्या आठवत नाही), आत जाऊन बादली आणली आणि पायांवर पाणी ओतलं.  वाहरूला तिने भाकरी आणि ठेचा दिला. तो ओट्याखाली बसून जेवला आणि उन्हातच परत निघाला. जाळं पाण्यात होतं.

१८ मे, बुधवार.
चार जोड्यांनी लॉरी निघाली. मुरार स्वतः गेला होता. पलंग काढले, कपाट काढलं, छप्पर काढलं. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मलाही बोलता आलं असतं.

२२ मे, रविवार. दुपारी एक.
आज सरलाच्या खाटेशेजारी बसलो. सगळं शांत. मनात आलं ते स्पष्टच बोललो. म्हणालो, निरोप पहाटेच धाडायला हवा होता. मी असतो तर डॉक्टर आणला असता, मोटार उभी केली असती, सगळ्यांना कामाला लावलं असतं. कळा पहाटे सुरू झाल्या आणि मला दहाला कळतं, ही कुठली पद्धत? कोणाची चूक ही?
सरला म्हणाली, “बाबा, आई धाडूच देत नव्हती. मीच हट्ट केला.”
का धाडू देत नव्हती?
 ती हसली. म्हणाली, “आई म्हणाली, ते येतील, ओरडतील, भिकुबाईंचे हात थरथरतील. नदीवर आहेत तेच बरं. भिकुबाई पण म्हणाल्या, घर एवढं शांत कधी पाहिलं नव्हतं.” मग म्हणाली, “मला पण बरं वाटलं, बाबा. राग मानू नका.” आणि डोळे मिटले.
राग मानायचा म्हणून उठलो. माजघरात सौ. झोपली होती. ओट्यावर भिकुबाई झोपली होती. परत येऊन बसलो. बाळाच्या तोंडावर माश्या बसत होत्या. चार वाजेपर्यंत त्या हाकलत बसलो. कोणी उठलं नाही.